चुकलेला संवाद

नर्सिंगच्या शाळेत त्यांना सगळे नटमामा म्हणत. चाळीस वर्षं रंगभूमीवर राजे, सासरे, भामटे रंगवून झाल्यावर उतारवयात वाट्याला आली ती रोग्याची भूमिका. दर मंगळवारी ते लोखंडी खाटेवर आडवे होत आणि मुली एकेक करून त्यांचं दुखणं ओळखायला येत. प्रेक्षक वीस, टाळी एकही नाही. तरी मामा दाढी घोटून, इस्त्रीचा सदरा घालून हजर.

"शून्य ते दहा, किती दुखतं?" असं मुलींनी पाढे म्हटल्यासारखं विचारलं, की ते खवळत. आकडा भाजीवाल्याला विचारावा, रोग्याला शब्द विचारावा, असं त्यांचं म्हणणं. ठणका घणासारखा पडतो, सणक विजेसारखी धावते. दोघांना एकच औषध देऊन कसं चालेल?

हे मन लावून टिपलं ते एकाच मुलीने. मामा तिला टिपणी म्हणत आणि आपली सारी विद्या तिच्या ओंजळीत सांडेपर्यंत ओतत.

त्या मंगळवारी भूमिका गुडघेदुखीच्या रोग्याची होती. संवाद ठरलेला: गुडघा ठणकतो. मामा कुशीवर वळले आणि तोंडून निघालं, "सणक गेली गं, कमरेपासून पार टाचेपर्यंत."

बाकीच्या लिहीत राहिल्या. टिपणीचं पेन थांबलं. हा माणूस संवाद चुकत नाही, हे तिला ठाऊक होतं.

वर्ग सुटल्यावर तिने त्यांना एकटं गाठलं. मामांनी आधी थट्टेवारी नेलं, मग कबूल केलं. चार महिने झाले, डावा पाय बधिर पडतो. पण शिकवणाऱ्या बाईंना कळलं तर हे काम जाईल.

"घरीही खाट आहे गं," ते म्हणाले, "पण तिथे कुठे दुखतं म्हणून कोणी विचारत नाही."

"कुणाला नाही सांगणार, मामा."

शुक्रवारी बाईंनी मामांना बोलावून घेतलं. फार गोड बोलल्या. आधी डॉक्टरांना पाय दाखवा; यापुढे वर्गात पुतळा वापरू. मग कौतुकाने टिपणीचा कागद पुढे केला. सणक, बधिरपणा, चार महिने, सगळं वळणदार अक्षरात. मामांनी तेही गिळलं असतं. पण खाली, कौटुंबिक माहितीच्या रकान्यात लिहिलं होतं: घरी विचारपूस करणारं कोणी नाही. तो कागद बाईंनी नमुना म्हणून वर्गात फिरवला होता; वीस मुलींनी वाचला होता.

तपासणीच्या दिवशी शाळेच्या दवाखान्यात फॉर्म घेऊन नेमकी टिपणीच उभी. डोळे सुजलेले.

"पाय कायमचा गेला असता, मामा."

खरं होतं ते. म्हणूनच मामांना भांडताही येईना. त्यांनी सणक कुठून निघते, कधी येते, किती वेळ राहते, सारं स्वच्छ आवाजात सांगितलं. मग तिने स्टूल जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, घरी कसं आहे.

"घरी उत्तम आहे," मामा म्हणाले. "लिहून झालं असेल तर पुढच्यांना बोलवा, सिस्टर."