हातावर उठलेली गाठ

त्या श्रावणात आमच्या खानदेशी देवीशी, कानबाईशी माझं भांडणच झालं होतं. दरवर्षी नेमानं आईला घरी बसवायचं आणि तिनं माझीच बोटं आखडून ठेवायची, हा कुठला न्याय? इकडे गुजरातेत, लिंबायतमध्ये घरी बसून साड्यांवर टिकल्या लावायचं माझं काम. आमवातानं बोटं इतकी सुजली की टिकली धरवेना, सकाळी नळ फिरवताना डोळ्यांत पाणी यायचं. गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा डॉक्टरबेननी मोठं इंजेक्शन सुरू करायचं ठरवलं. ते सांध्यांची सूज मोडतं, पण अंगातली रोगाशी लढायची ताकदही कमी करतं, म्हणून आधी तपासण्या. रक्त दिलं, छातीचा फोटो काढला, आणि शुक्रवारी दुपारी हातावर टीबीच्या तपासणीची छोटी सुई टोचली. "सोमवारे बताववा आवजो, भूलता नहीं," त्या म्हणाल्या. सोमवारी हात दाखवायला यायचं, एवढं कळलं. पुढेही गुजरातीत बरंच समजावलं. मी कळल्यासारखी मान डोलावत राहिले. माझा सगळा जीव त्या मोठ्या इंजेक्शनात अडकलेला.

रविवारी आईची स्थापना. अंघोळ करताना पाहते तर टोचल्या जागी लाल, टणक गाठ. मी तर खूशच झाले! लहानपणी आमच्या गावाकडे लस टोचल्यावर फोड उठला की बायका म्हणायच्या, लागू पडली. न उठणाऱ्या पोराचीच काळजी करायच्या. मी नवऱ्याला हात दाखवला, "दखा, लागू पडनं." तो लूमवरची पाळी संपवून आलेला, जांभई देत म्हणाला, "मंग सोमवारना फेरा वाचना." सोमवारी विसर्जन, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही दोघांनी मिळून डॉक्टरकी उरकून टाकली.

सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर गेलो. पायऱ्या ओल्या होत्या, मनगटात जोर नव्हता आणि आमची माणसं गाणी म्हणत पुढे गेलेली. माझा पाय सरकला तसं कोणीतरी मागून माझा हात घट्ट धरला. वळून पाहिलं तर हिरव्या लुगड्यातली एक अनोळखी बाई. मला सावरता सावरता तिचा अंगठा नेमका त्या गाठीवर आला आणि ती थबकली.

"हाई टीबीनी सुई ना वं बाई? डाक्टरले दखाडं का?"

मी म्हटलं, लागू पडलंय, आता काय दाखवायचं. ती एकदम चिडली. "लागू नही पडनं! मन्ही वहूले बी असंच उठेल व्हतं. आजच जाय, नही त बशी जाई." एवढं बोलून ती दुसऱ्या घरच्या कानबाईमागे पायऱ्या उतरून गेली.

तिचा राग माझ्या मनातून जाईना. विसर्जन होताच ओल्या पदरानं रिक्षा धरली. दवाखान्यात नर्सनं गाठ चाचपून पट्टीनं मोजली. डॉक्टरबेन म्हणाल्या, एवढी गाठ उठली म्हणजे टीबीचे जंतू तुमच्या अंगात झोपलेले आहेत. या इंजेक्शनानं ते जागे होऊ शकतात. आधी टीबीच्या गोळ्या, मग महिन्याभरानं इंजेक्शन. मला रडूच कोसळलं, आणखी महिनाभर ही बोटं सोसायची म्हणून. रिक्षात बसल्यावर मात्र अंगावर काटा आला. गाठ बसून गेल्यावर सपाट हात दाखवून मी इंजेक्शनासाठीच हट्ट धरला असता, स्वतःला मी ओळखते.

ती बाई कोण होती, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी तापीवर तिला शोधलं, भेटली नाही. देवी होती असं मी म्हणत नाही. कोणाची तरी सासू होती, एवढं तिनंच सांगितलं. पण तिला माझ्या हाताशी कोणी आणून उभं केलं, हे मला कोणी विचारू नये.

आता इंजेक्शन चालू आहे. ताप आहे का, खोकला आहे का, दर वेळी विचारतात. मागे घसा दुखत होता तर तसंच सांगितलं आणि त्यांनी इंजेक्शन न देताच परत पाठवलं. पूर्वी आईशी भांडले असते. त्या दिवशी निमूट घरी आले. शरण जाणं म्हणजे हवं ते मागत बसणं, असं मी समजत होते. 'आज नको' हेही तिच्याच हातून घ्यायचं असतं, हे कळायला मला इतका वेळ लागला. सूज गेली, टिकली धरता येते. दोन बोटं मात्र वाकडी ती वाकडीच राहिली. नमस्कार करताना ती जुळत नाहीत. आईला चालतं.