आधी नळ, मग नमस्कार

माजी अध्यक्ष कुणाच्याही घरी गेले, की आधी गळका नळ पिळून बंद करायचे आणि मग नमस्कार. आजही कुठे नळ ठिबकला की मला ते आठवतात. येरवड्यातल्या आमच्या सोसायटीचे ते पाच वर्षं अध्यक्ष होते आणि त्या पाच वर्षांत त्यांनी एकही मित्र जोडला नाही. उन्हाळ्यात पाणी कमी आलं, की टाकीची चावी फिरवून मोकळे. दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट थांबणार नाही, हा फतवाही त्यांचाच. "गुडघे वापरले नाहीत तर गंजतात," असं ते म्हणत. सगळं आयुष्य कारखान्यात गेलेलं. माणसंही कानस मारून सरळ करता येतात, अशी त्यांची समजूत असावी.

शेवटी वार्षिक सभेत दुसरं नाव मीच सुचवलं. हात वर करून मतदान झालं, पहिला हात माझा. मोजणी त्यांनी स्वतः केली. "माझ्या बाजूने दोन. त्यातला एक माझाच. दुसऱ्याचा शोध घेऊ नका, बिचाऱ्याला इथेच राहायचंय," असं म्हणून त्यांनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. सगळे हसले. मीही हसले, त्याची आज लाज वाटते.

त्यानंतर ते रोज सकाळी रेक्झिनची पिशवी घेऊन नदीकडच्या वस्तीत जाऊ लागले. "आता तिकडे अध्यक्ष व्हायचं असेल," असं आम्ही जिन्यात बोलायचो.

माझ्याकडे काम करणारी सुनीता त्याच वस्तीत राहायची. मूळची यवतमाळकडची. रोज उशीर, आणि रोज माझी बोलणी. मग अचानक ती वेळेवर येऊ लागली. 'बोलल्याशिवाय सुधारणा होत नाही' असं मी शेजारणीला ऐटीत सांगितलंसुद्धा. महिन्याभराने सहज सुनीतालाच विचारलं.

"कडी लागली ना बाई आता," ती म्हणाली. "संडासाच्या दाराले कडीच नव्हती. पोरगी मोठी झाली, तिले एकटी कशी सोडू? मी दार धरून उभी राहो."

"कोणी लावली?"

"तुमच्या इथलेच ते माजी साहेब. साऱ्याच दारांले लावून रायले. कडी लावली का ते पोरीले आत जायले सांगते, अन् सोता पाठ फिरवून दूर उभे रायते. कडीचा आवाज आला का मंगच दुसऱ्या दाराकडे जाते."

दुसऱ्या दिवशी त्यांना जिन्यात गाठलं. माफी मागायची होती, तोंडातून भलतंच निघालं. "अहो, पुन्हा अध्यक्ष व्हा. नाव मी सुचवते."

"नको. तिकडे मला कुणी निवडून दिलेलं नाही, त्यामुळे कुणी पाडूही शकत नाही," एवढं बोलून ते उतरून गेले. माफी राहूनच गेली, आणि पुढे तीन-चार वर्षं राहिली.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. मुलगी त्यांना कायमचं बंगळुरूला न्यायला आली. निघायच्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि सवयीप्रमाणे थेट स्वयंपाकघरात गेले. नळ ठिबकत होता. त्यांनी पिळून पाहिला, पण बोटांत जोर उरला नव्हता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून तो बंद केला.

"त्या सभेत माझं चुकलं," मी एकदाचं म्हणाले.

"चुकलं कसलं? पाणी तोडलं की माणूस चिडणारच," ते म्हणाले. "पण तुमचा हात सरळ वर गेला होता. बाकीच्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. ते मी मोजताना लक्षात ठेवलं होतं." मग नळाकडे बोट दाखवलं. "वॉशर गेलाय. बदलून घ्या."

आणि मग नमस्कार केला. बाहेर लिफ्ट उघडी होती, मुलगी हाका मारत होती. ते कठडा धरून जिन्याने उतरले.

त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर मी दार लावलं आणि आतली कडी घातली. इतकी वर्षं घालते आहे. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.