फ्लेक्सवाल्या उषाताई

बॅनर करायला आलेल्या माणसाला उषाताई आधी एकच प्रश्न विचारायच्या. मजकूर काय, माप केवढं, रंग कुठला, हे सगळं नंतर. खुर्ची त्याच्याकडे वळवून त्या म्हणायच्या, "फोटो कुणाकुणाचे लावायचे ते मागून सांगा. न लावल्यावर कोण रुसंल, ते आधी सांगा." गिऱ्हाईक गडबडून जायचं. मग डोकं खाजवत एकेक नाव बाहेर यायचं. धाकटे चुलते, सोसायटीचे चेअरमन, मागच्या निवडणुकीत पडलेला पण पुढच्या वेळी येईल असं वाटणारा कुणीतरी. तोवर ताईंनी वरच्या ओळीत गोल चौकटी आखूनसुद्धा ठेवलेल्या असायच्या.

आष्टीत फ्लेक्सची दुकानं बरीच, पण बाईचं तेवढं एकच. बाजाराच्या रस्त्यावर, कृषी केंद्र आणि रसवंतीच्या मधे. ताईंचे आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्यांची शाळा अर्धं वर्ष गावात आणि अर्धं वर्ष कारखान्याकडच्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत. "दिवाळीनंतरचा भूगोल मला येतच न्हाई," असं त्या हसत सांगायच्या. लग्नानंतर त्या टायपिंगच्या क्लासला गेल्या, तिथून बीडला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला आणि मग स्वतःच्या दुकानात. नवरा पिकअप चालवायचा आणि चौकात शिडी लावून बॅनर टांगायचा. त्याची ओळख त्या "आमचे उंचीवरचे साहेब" अशी करून द्यायच्या.

मी पुण्यात डिझाइनचा कोर्स करून परत आले होते आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून त्यांच्याकडे जायला लागले. पहिल्या दिवशी एका सरपंचाच्या वाढदिवसाचा बॅनर माझ्याकडे आला. मी मधोमध त्याचा एक फोटो घेतला, खाली दोन ओळी लिहिल्या आणि बाकी जागा मोकळी सोडली. मला तो फारच आवडला. ताईंनी चष्मा कपाळावर सारून बराच वेळ पाहिला. "ह्येला गावानं वाळीत टाकलंय का गं, पुणेकरीण? एकटाच हुबा हाय."

मी भांडले. म्हटलं, एवढ्या गर्दीत कुणाचंच तोंड धड दिसत नाही. "दिसंना का," त्या म्हणाल्या, "आपण हितं हाय, एवढं त्येला ठाव असतंय." माझं नाव मात्र त्या दिवसापासून पुणेकरीण पडलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या एका बॅनरवर हळूच थोडी जागा मोकळी सोडली, पण त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्यांचा खरा हात कटिंगमध्ये होता. कटिंग म्हणजे माणसाला त्याच्या फोटोतून वेगळं काढायचं. मागची भिंत, दोरीवरचे कपडे, शेजाऱ्याचा खांदा सगळं उडवायचं आणि तेवढा माणूस ठेवायचा. बाकीच्या दुकानांत केस चौकोनी कापले जायचे, कानाची पाळी जायची. ताईंच्या कटिंगमध्ये टोपीबाहेर आलेली बट तशीच राहायची. मग त्या चेहरा साफ करायच्या, डाग पुसायच्या, डोळ्यांखालचा काळेपणा जरा कमी करायच्या. "जरासाच. लई केला तर बायको वळखायची न्हाई." तालुक्यातल्या निम्म्या माणसांचे असे घासूनपुसून ठेवलेले चेहरे त्यांच्या संगणकात होते. कुणी फोन करून नुसतं नाव सांगितलं की बॅनर तयार. दुकानाची सगळी इस्टेट तीच होती.

पण वाढदिवसांचा त्यांना कंटाळा आला होता. "साऱ्या तालुक्याचं वय मला पाठ झालंय," म्हणायच्या. त्यांना सोशल मीडियाचं काम करायचं होतं, कुणाचं तरी पान पहिल्यापासून उभं करायचं, रील बनवायच्या, रोज काय टाकायचं ते ठरवायचं. बचत गटाच्या बायका सीताफळाचा गर काढून विकत, त्यांचं पान आम्ही दोघींनी चालवायला घेतलं. गर काढणाऱ्या हातांची एक रील ताईंनी केली, ती लांबलांबच्या लोकांनी पाहिली. त्या दिवशी त्यांनी रसवंतीतून सगळ्यांना रस मागवला. नवऱ्याला म्हणाल्या, "उतरा आता शिडीवरून. ह्यातच पुढं जायाचं."

आणि खरंच मोठं काम चालून आलं. जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याला, सगळे त्यांना साहेब म्हणत, ती रील आवडली. निवडणूक तोंडावर होती. साहेबांचा पीए दुकानात येऊन म्हणाला की त्यांची सगळी पानं ताईंनी सांभाळायची, बीडला ऑफिस, हाताखाली दोन-तीन पोरी. ताईंनी मला तिथल्या तिथे साहेबांच्या पानाचे रंग ठरवायला बसवलं. मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

ते वर्ष आमच्याकडे वाईट होतं. माणसं आडनाव बघून दुकानात शिरायला लागली होती. चहा कुणाकडे प्यायचा, खत कुणाकडून घ्यायचं, हेही जातीवर ठरायला लागलं होतं. त्यातच पीए पुन्हा आला आणि म्हणाला, पहिलं काम घ्या. पलीकडच्या लोकांच्या दुकानांचं एक पोस्टर करायचं, मालकांचे फोटो, त्यावर लाल फुली, आणि वर ओळ, 'यांच्याकडून काहीही घेऊ नका'. साहेबांचं नाव कुठेच नको. "फोटो तर तुमच्याकडं सगळ्यांचे हायेतच की," तो म्हणाला. सगळ्यात पहिला फोटो नानांचा पाहिजे होता. नाना म्हणजे आमच्या समोरचे, पाण्याच्या मोटारी आणि पाइप विकणारे दुकानदार.

ताईंनी माउस बाजूला ठेवला. "नानांच्या गालावरला डाग म्या ह्या हातानं पुसलाय," त्या म्हणाल्या. "त्याच तोंडावर फुली मारू व्हय?"

"ताई, बीडचं ऑफिस हाय. जरा इचार करा."

"केला. न्हाई जमायचं."

पीए गेला आणि त्याच्याबरोबर बीडचं ऑफिसही गेलं. पोस्टर कुणीतरी दुसऱ्याने केलं. नानांच्या वाढदिवसाचा आमचा बॅनर गावभर स्टेटसला फिरला होता, त्यातूनच त्यांचा फोटो उचलला होता. टोपीबाहेरची ती बट आणि वर फुली. दुपारी नाना दुकानात आले, त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "फोटो तुझाच हाय ना, उषा?"

"माझाच हाय, नाना," ताई म्हणाल्या.

नानांनी मोबाइल उचलला आणि ते रस्ता ओलांडून निघून गेले. मला राग आवरेना. पोस्टर आपण केलं नाही, हे का नाही सांगितलं? "त्यांनी फोटोचं इचारलं, म्या फोटोचं सांगितलं," ताई म्हणाल्या आणि संगणकाकडे वळल्या. मग त्यांनी एकेका गावाचं फोल्डर निवडून सगळे चेहरे पुसायला सुरुवात केली. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, ताई, ही तुमची आजवरची सगळी कमाई आहे. "म्हणून तर," त्या म्हणाल्या. "हायेत म्हणून आज मागायला आला. उद्या दुसरा यील."

त्यानंतर दोन्हीकडची गिऱ्हाइकं कमी झाली. साहेबांची माणसं यायची बंद झाली, आणि नानांकडच्यांना वाटलं पोस्टर ताईंचंच. सीताफळाचं पान तेवढं चालू राहिलं. नवरा पुन्हा शिडीवर चढला. माझ्या मते ताईंचं चुकलंच होतं, एक वाक्य बोलल्या असत्या तर निम्मं नुकसान टळलं असतं. पण नानांनी आपल्यावर संशय घेतला, याचा त्या रुसवा धरून बसल्या होत्या. दुसऱ्यांचे रुसवे मोजणाऱ्या या बाईला स्वतःचा काही सोडता येईना.

उन्हाळ्यात नाना गेले, बसल्या जागी. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा सचिन आमच्या दारात उभा राहिला. श्रद्धांजलीचा बॅनर करायचा होता. घरच्यांना वाढदिवसाच्या बॅनरवरचा तोच फोटो पाहिजे होता, कारण त्यात नाना हसत होते. ताईंनी तो पुसून टाकल्याचं सांगितलं. स्टेटस कधीच गेलं होतं. वाढदिवसाचा बॅनर कडब्याच्या गंजीवर टाकलेला, त्यावरचं तोंड उन्हानं पांढरं झालेलं. शेवटी त्याने खिशातून मोबाइल काढला. पोस्टर तेवढं एका ग्रुपवर अजून होतं. "ह्यात हाय," तो म्हणाला.

ताई दुपारभर बसल्या. लाल फुली नानांच्या कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर गेली होती. त्या ती कणाकणाने पुसत होत्या, गालाचा रंग गालावरून घेत होत्या, मिशीचा मिशीतून. सचिन शेजारी स्टुलावर बसून पाहत होता. चेहरा पुरता मोकळा झाला आणि नाना हसायला लागले, तेव्हा त्याने विचारलं, "ताई, हे तुमी केलं नव्हतं ना?"

"न्हाई."

"मग तवा बोलला कावून न्हाई?"

ताईंनी माउसवरचा हात काढला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "नानांना तरी सांगाया पाहिजे व्हतं."

मला रडू फुटलं. ताईंनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला आणि खालच्या रकान्यावर आल्या, तिथे शोकाकुल म्हणून घरच्यांची, भावकीची नावं येतात. सचिन एकेक नाव सांगत गेला. चुलते, आत्या, जावई, नातवंडं. सगळी झाल्यावर तो म्हणाला, "आता तुमचं टाका."

"म्या भावकीतली हाय व्हय रं?"

"टाका, ताई. नाना तुमच्या दुकानाकडं तोंड करूनच बसायचे."

ताईंनी आपलं नाव लिहिलं. उंचीवरचे साहेब दुसऱ्या दिवशी चौकात शिडीवर चढून तो बॅनर टांगत होते, तेव्हा त्या खाली उभ्या राहून डावी बाजू जरा वर घ्या म्हणून सांगत होत्या.