पात्यांवरचा थर

साखर कारखान्याचा हंगाम संपला, की दादा उसाचे तुकडे करणारी झिजलेली पाती पुढ्यात घेऊन बसतो आणि वेल्डिंगनं त्यांच्या धारेवर कठीण धातूचा थर चढवतो. काल त्याचा डबा घेऊन गेलो तेव्हा विचारलं, "हा थर झिजत नाही?"

"झिजतो की. तो झिजतो म्हणून आतलं पोलाद टिकतं. दरवर्षी नवा चढवायचा."

लहानपणी वडील रागावून घरात शिरले, की दादा आधी पुढे व्हायचा. माझ्यापर्यंत येईतो त्या रागाची धार गेलेली असायची. दादावर मात्र नवा थर कुणी चढवल्याचं आठवत नाही.

त्यानं तोंडावरची काच वर केली. "जेवलास का तू?"

मी जेवूनच निघालो होतो. तरी नाही म्हणालो आणि त्याच्याशेजारी बसलो.