निळ्या बर्फाचा डबा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी कर्जतला शाळेत भूगोल शिकवायचे. हवामान बदलायला हजारो वर्षं लागतात, असं मी कित्येक वर्गांना ठासून सांगितलं होतं. मग एका मासिकात वाचलं, की हिमयुगात उत्तरेकडच्या अवाढव्य हिमथरांचे कडे समुद्रात कोसळायचे. वितळलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पसरायचं आणि दक्षिणेकडून येणारा उबदार प्रवाह अडायचा. माणसाच्या एका आयुष्यात हवा पार पालटायची. मला तर वेडच लागलं त्याचं.

मुलांना दाखवायचं कसं? काचेची टाकी, खडेमिठाचं पाणी आणि शाई घालून गोठवलेला निळा बर्फ, अशी युक्ती मला सुचली. खोपोलीच्या बर्फ कारखान्यातला म्हातारा कामगार आमचा डबा गोठवून द्यायचा. आमचा म्हणजे माझा आणि आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा. नऊ वर्षं आम्ही दोघी एका डब्यात जेवत होतो. कल्पना कोणाची, हे कुठं नोंदवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. भोळी कसली, बावळट होते मी.

आम्ही दोघी मिळून हा प्रयोग ज्यात मांडणार होतो, ते खोपोलीचं विज्ञान प्रदर्शन आठवडाभर पुढं गेलंय, असं तिनंच मला सांगितलं. तोवर सराव करून बघावा, म्हणून मी गोठवायला दिलेला आमचा डबा आणायला कारखान्यात गेले.

"बाई, निळा डबा तर तुमची मैतरीण सकाळीच घेऊन गेली," म्हातारा म्हणाला. "परदर्शन आजच हाय ना?"

मी तरातरा प्रदर्शनात गेले. टाकीपुढच्या पाटीवर तिचं एकटीचं नाव होतं. परीक्षक वाकून बघत होते आणि निळं पाणी सरळ तळाला चाललं होतं. बाईसाहेब मीठ घालायला विसरल्या होत्या.

मला पाहून ती लगबगीनं जवळ आली. "अगं, निळं खाली का जातंय गं? सांग ना पटकन!"

पडू दे तोंडावर, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण टाकीतला तो चुकीचा समुद्र मला बघवेना. मी पाणी बदललं, मीठ विरघळवलं, उरलेला बर्फ सोडला. निळं पाणी वरच पसरलं आणि तिथंच राहिलं. परीक्षकांनी प्रश्न विचारले. तिनं माझीच वाक्यं, मी थांबायचे तिथं थांबून, धडाधडा म्हणून दाखवली.

एकानं माझ्याकडे वळून विचारलं, "आणि या कोण?"

"या होय?" ती हसली. "या मला बर्फ आणून देतात."