सासऱ्यांचं हिमयुग

नीतूने होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं ती मे महिन्याची दुपार होती. भिलाईतलं डांबर काकवीसारखं पाघळत होतं. सेक्टर ६ मधली कुत्री एकेका स्कूटरखाली नंबर लावून पडली होती. आणि क्वार्टरच्या दारात लोकरीचं स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घातलेले शालिकराम उभे होते. हिमालयातल्या एखाद्या अस्वलाला चुकून भिलाईत क्वार्टर अलॉट झालं असावं, असं तिला वाटलं. टोपीच्या कडेने घामाचे ओघळ वाहत होते.

"ये बेटा, खिडकीपाशी बस," ते म्हणाले. "आहेत खिडक्या तोवर बसून घे."

"थंडीची प्रॅक्टिस करून राहिले ते," होणाऱ्या सासूबाई, नलूबाई, पाणी देत म्हणाल्या. "आता घामानं कुठं थंडीची प्रॅक्टिस होते का, तूच सांग."

मुलाचा फोटो पाहून नाही, या घरात पुढे काय होतं ते कळावं म्हणून नीतूने होकार दिला, असं तिचा नवरा भूपेंद्र आजही सांगतो.

शालिकरामांची सारी नोकरी पोलाद कारखान्यात, लोखंड वितळवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसवर गेली. भट्टी वर्षानुवर्षं धगधगते, मग तिला थंड करून आतल्या विटा बदलायच्या, त्याला शटडाऊन म्हणायचं. जगातल्या प्रत्येक वस्तूचं शटडाऊन ठरलेलं असतं, हा त्यांचा धर्म. मिक्सरचं, स्कूटरचं, नलूबाईंच्या गुडघ्यांचंही. अशा माणसाला मोबाइलवर कळलं, की पृथ्वी लाखभर वर्षं गारठते, मधे दहा-बारा हजार वर्षं उबदार जातात, आणि यावेळची ऊब अकरा हजारांच्या वर गेली आहे.

"म्हणजे शटडाऊन ड्यू हाय!" त्यांनी जाहीर केलं. ते नुसतं जाहीर करून थांबले असते तर चाललं असतं. पण रिटायरमेंट जवळ आली होती, क्वार्टर सोडायचं होतं आणि जवळच बोरसीला स्वतःचं घर उठत होतं. बर्फाळ वारा घुसू नये म्हणून त्या घराच्या नकाशात त्यांनी एकही खिडकी ठेवली नव्हती.

"गोदामात राहाले मी नाई येत," नलूबाईंनी सांगितलं. "मी भावाकडे तुमसरला चालली." आणि त्यांनी खरंच लोणच्याच्या बरण्या तुमसरला पाठवल्या. तेव्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं. बाई रागाने माहेरी गेली तर परत येते, लोणचं गेलं की विषय संपला.

तोवर नीतू सून होऊन आली होती आणि नेहरू नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होती. भिंती खिडकीच्या उंचीला आल्या त्या दिवशी ती बोरसीला पोचली. खिडक्यांच्या जागाही बुजवायच्या का, या हुकमासाठी धर्मेंद्र मिस्त्री थापी हातात धरून शालिकरामांसमोर ताटकळला होता.

"बाबूजी, शटडाऊन कॅलेंडर पाहून घेता का?" नीतूने सासऱ्यांना विचारलं.

"कॅलेंडर पाहून? छट्! भट्टीची हालत पाहून."

"मग पृथ्वीची हालत पाहिली का?" तिने विटेवर भोवऱ्याचं चित्र काढून दाखवलं. पृथ्वीच्या आसाचा कल बदलतो, ती भोवऱ्यासारखी डोलते, सूर्याभोवतीची वाट कधी लांबट होते, कधी गोल. हिमयुग यायला उत्तरेकडचा उन्हाळा इतका मंद व्हावा लागतो, की बर्फ वितळायचाच राहून जातो. "सध्या वाट जवळजवळ गोल आहे. आराम से पन्नास हजार साल निकल जाएंगे, असं पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणतात. कोळशाच्या धुराने आणखीही लांबेल."

"आमच्या भट्टीच्या धुरानं?" शालिकरामांची छाती फुगली.

"फुगू नका. त्याच धुराने गरमी वाढून राहिली. ती चक्रं हजारो वर्षांनी फिरतात, ही गरमी तर तुमच्या नोकरीच्या काळातच वाढली. शेती, गावं, सगळं माणसाने या उबेतच मांडलं. आता तो स्वतःच तिला जास्त तापवतो आहे. धोका उकाड्याचा आहे, बाबूजी. हवा पाहिजे घरात."

शालिकरामांनी डोळे बारीक करून वर सूर्याकडे पाहिलं, जणू त्या फोरमनने त्यांची रजा मंजूर केली होती. मग त्यांनी मफलर काढला, टोपी काढली, स्वेटर काढलं. आत गंजीफ्रॉक होता, पिळून वाळत घालण्याजोगा.

"पन्नास हजार..." ते पुटपुटले. "मंग नातवायचंही निभते."

"पणतवायचंही," धर्मेंद्र म्हणाला. "खिडक्या किती ठेवू, भैय्याजी?"

"नलूले विचार," शालिकराम म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी मोकळे हसले.

नलूबाईंनी सात सांगितल्या. घर दिवाळीत पुरं झालं. पुढच्या उन्हाळ्यात एसी बसला, तेव्हापासून त्या सातही बंद असतात.