बँकर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका प्रवास आमच्या कर्जत तालुक्यात कोणी केला नसेल, आणि इतका प्रवास करून कुठेच न पोचलेला माणूसही दुसरा मिळायचा नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिन जोडतात. ते गाडीला ढकलत घाट चढवतं, वर सुटतं आणि परत खाली येतं. त्याला म्हणतात बँकर. भावोजींनी नोकरीभर तेच चालवलं. स्वतः पुणे पाहिलं ते निवृत्त झाल्यावर, ताईच्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे.

ताईचं लग्नही या शब्दानेच जमवलं. लोधिवलीच्या मामाने निरोप आणला, पोरगा बँकर हाय. कडावला भातशेती करणाऱ्या आमच्या वडिलांनी त्यातली बँक तेवढी ऐकली. काम काय करता, असं विचारल्यावर भावोजी म्हणाले, मागून ढकलतो. वडिलांना वाटलं, कर्जाची प्रकरणं ढकलत असतील. असा जावई हाताशी असलेला बरा. खरं कळलं तेव्हा हळद लागली होती.

माणूस कायम मागे. वरातीत मागे, पंगतीत शेवटी, फोटोत कोणाच्या तरी खांद्याआडून अर्धा कान. गाडी कर्जतला वड्यासाठी थांबते असं प्रवासी समजतात, त्याचाही यांना राग नाही. नियम एकच: पुढून शिट्टी आली की उलट शिट्टी द्यायची, मगच जोर लावायचा. एकदा बाजारात बंद पडलेल्या टेंपोमागे हे जाऊन उभे राहिले आणि हॉर्नची वाट बघत बसले. टेंपोची बॅटरीच उतरलेली. शेवटी बिचाऱ्या ड्रायव्हरने तोंडाने भोंगा वाजवला, तेव्हा कुठे ढकलला. घरातही हाकेला शिट्टीनेच ओ द्यायचे. ताईने ते पहिल्याच वर्षी बंद केलं. "ह्ये घर हाय, घाट नाय."

गेल्या वर्षी ताईचा गुडघा बदलला. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून तिला भिवपुरीला माझ्याकडे तळमजल्यावर आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिने चढली नाही तर पाय असाच आखडून राहील. ताई म्हणे, राहू दे, मी इथेच राहते. दोन महिन्यांत तिने माझ्या स्वयंपाकघरातला एकही डबा जागेवर ठेवला नव्हता. एका सकाळी मी तिला रिक्षात घातलं आणि तिच्या जिन्यापाशी उभी केली.

तिने कठडा धरला आणि तिथेच थिजली. मी तिचा दुसरा हात धरला, समजावलं, रागावले, उपयोग शून्य. भावोजी मागे, दोन्ही हात तिच्या पाठीपासून वीतभर लांब.

"अहो, द्या ना जरा आधार," मी म्हटलं.

"पुढून शिट्टी नाय आली."

"मेलं तुमचं इंजिन," ताई म्हणाली. मग तिने मान वर करून अख्खा जिना पाहिला. आणि माझ्या बहिणीने, जिने तीस वर्षं घरात शिट्टी वाजू दिली नाही तिने, ओठांचा चंबू केला. निघाली ती नुसती हवा. मागून मात्र खणखणीत उत्तर आलं आणि तिचा पाय उचलला.

वर पोचताच ताई माझा हात सोडून सरळ घरात गेली. भावोजी शेवटच्या पायरीवरच थांबले, हात अजून तसेच पुढे.

"आत चला की."

"आपलं काम इथवर," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून पुन्हा तीच फुसकी शिट्टी आली. वर पोचलेल्या गाडीने मागच्याला बोलावल्याचं त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. उलट शिट्टी द्यायचंही त्यांना सुचलं नाही. चपला पायात तशाच ठेवून ते आत गेले, आणि ताई त्यावरून काहीही बोलली नाही.